फणसाडच्या रानात एक रात्र

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या दिवशी एखाद्या विद्वान पाहुण्याचे भाषण ठेवावे, ही आपली नेहमीची रीत. यंदा कार्यकारिणीने ती मोडली आणि गेल्या फाल्गुनात आपण जी सहल काढली तिची हकीकत सांगायला मला उभे केले. मी काही वक्ता नव्हे. पोळ्या लाटता लाटता मी हवा तितका वेळ बोलेन, पण हात रिकामे ठेवून बोलायचे म्हटले की जीभ अडखळते. तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

ही हकीकत सांगण्यामागे माझा एक हेतू आहे, तो आधीच सांगून टाकते. त्या सहलीला आम्ही सोळा जणी गेलो होतो. यंदाच्या सहलीसाठी वहीत अठ्ठेचाळीस नावे आली आहेत. एक मोठी बस करावी, सगळ्यांनी एकदम जावे, म्हणजे वर्गणीही कमी पडेल, असा विचार चालू आहे. तसे करू नये असे माझे मत आहे. का, ते समजण्यासाठी आम्ही तिथे काय पाहिले आणि मला काय पाहायला मिळाले नाही, हे दोन्ही ऐकावे लागेल.

या सहलीची कल्पना तशी माझ्या भाचीची. ती अमेरिकेत असते. तिकडे वॉशिंग्टन राज्यात पॅसिफिक महासागराच्या काठी ऑलिंपिक नावाचे मोठे राष्ट्रीय उद्यान आहे, १९३८ साली स्थापन झालेले. तिथे ती आणि तिचा नवरा पाठीवर तंबू घेऊन दोन दिवस राहून आली. फोनवर ती सांगत होती, "मावशी, तिथे समुद्रकाठी राहायचं तर आधी परवाना घ्यावा लागतो. एका रात्री किती माणसं राहणार, तेही ठरलेलं असतं. खायचं सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं, नाहीतर रात्री जनावरं येऊन उघडतात. आणि नेलेला कचरा कागदाच्या कपट्यासकट परत आणायचा." मी विचारले, "आणि दोन दिवस तुम्ही केलंत काय?" ती म्हणाली, "काही नाही. बसलो."

हे "बसलो" माझ्या मनात राहिले. आपण बायका बसतो तेव्हा शेंगा सोलतो, वाती वळतो, निदान नातवंडाला मांडीवर घेतो. नुसते बसणे आपल्या अंगवळणी पडलेले नाही. मंडळाच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली, आणि आपल्या चिटणीसबाईंनी लगेच विचारले, "समुद्रकाठचं रान आपल्याकडे नाही का?"

आहे की! महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा आहेत. १९५५ सालचे ताडोबा त्यांत सर्वांत जुने, आणि आपल्याला सर्वांत जवळचे बोरिवलीचे. आपल्या रायगड जिल्ह्यात त्या सहांपैकी एकही नाही, परंतु अभयारण्ये आहेत. दोहोंतला फरक थोडक्यात असा, की राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्याचीही मुभा नसते. अभयारण्यात आसपासच्या गावांचे काही हक्क परवानगीने चालू राहू शकतात. आपल्या दाराशी कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे, १९६८ सालचे. दुसरे फणसाडचे, मुरुड आणि रोहे या दोन तालुक्यांत पसरलेले. ते १९८६ साली जाहीर झाले. त्याच्या आधी ते जंजिऱ्याच्या नबाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, शिकारी गेले, रान राहिले. त्याचा विस्तार पन्नास चौरस किलोमीटरांहून अधिक आहे, आणि पश्चिमेला डोंगर उतरले की काशीदचा समुद्र. ठरले, फणसाडला जायचे.

ठरले खरे, पण घरोघरी परवानगी मिळवताना जी गंमत झाली ती तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक आहे. आपण अष्टविनायकाला निघालो तर कोणी अडवीत नाही. पाली, महड म्हटले की सासूबाई स्वतः प्रसादाला पैसे काढून देतात. पण "रानात जाते, एक रात्र राहते," असे म्हटल्याबरोबर प्रश्न सुरू. कशाला? कोण आहे तिथे? करणार काय? यांतल्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देणे कठीण, कारण खरे उत्तर "काही नाही" हेच होते. देवाच्या नावाखाली मिळणारी रजा आपल्या स्वतःच्या नावावर मागताना आपणच ओशाळतो, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा जाणवले.

सर्वांत मोठे रामायण झाले ते आमच्या काकूंच्या घरी. काकू म्हणजे कोण, हे नाव न घेता तुम्ही ओळखालच. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, आणि अजून वडाळे तळ्याला रोज सकाळी दोन फेऱ्या. त्यांचे माहेर मुरुडकडच्या एका खेड्यातले, त्याच रानाच्या कडेचे. भाऊ मुंबईला गेले, घर विकले गेले, आईवडील तर केव्हाच निवर्तले. चाळीस वर्षांत काकूंचे तिकडे जाणे झाले नव्हते. मुलगा म्हणाला, "आई, या वयात तंबूत झोपणार? काही झालं तर?" काकू म्हणाल्या, "अरे, लहानपणी मी त्याच रानात करवंदं वेचलीत. तुला भीती वाटत असेल तर तू येऊ नकोस." त्यावर घरात कोणी बोलले नाही.

निघण्याआधी महिनाभर आम्ही कर्नाळ्याला एक दिवसाची तालीम केली. पनवेलपासून दहा-बारा किलोमीटर, वाटेत वासुदेव बळवंत फडक्यांचे शिरढोण लागते. आपल्यापैकी पुष्कळ जणींनी कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका आयुष्यभर बसमधून पाहिला आहे, पण त्याखालच्या झाडीत पाऊल घातलेले नाही. तिथे आम्ही तीन गोष्टी शिकलो. पायात चप्पल नको, बूट हवेत. लाल, पांढरे, झगझगीत कपडे नकोत, मातकट किंवा हिरवे बरे. आणि सोळा बायकांनी हळू बोलायचे ठरवले तरी तो आवाज हमरस्त्यापर्यंत जातो. हा तिसरा धडा आम्ही शिकलो असे समजलो. शिकलो नव्हतो, ते पुढे येईलच.

फाल्गुनातल्या एका शनिवारी पहाटे सहाला लहान बस करून निघालो. पेण, वडखळ, अलिबाग, चौल, मग रेवदंड्याला कुंडलिकेची खाडी पुलावरून ओलांडून साळाव आणि पुढे सुपेगाव. अभयारण्यात शिरण्याची वाट सुपेगावातून आहे, आणि वनखात्याची राहण्याची सोयही तिथेच. तंबू म्हटल्यावर मला सर्कशीतला तंबू आठवला होता, पण हे आटोपशीर होते. आत खाटा, बाहेर मोकळे अंगण, वर आंब्याची सावली. जेवण गावातल्या बायका रांधून देतात. तांदळाची भाकरी, पिठले, कांदा, आणि ज्यांना चालते त्यांना सुकटीची चटणी. भगिनींनो, आयते ताट पुढे आले तेव्हा आमच्यातल्या दोघी सवयीने उठून वाढायला लागल्या! त्यांना हात धरून खाली बसवावे लागले.

दुपार कलल्यावर वाटाड्याबरोबर रानात शिरलो. गावातलाच मुलगा, वय पंचविशीचे, रान तळहातासारखे ओळखणारा. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा अशी झाडे तो दाखवीत होता. पण ज्यासाठी थांबावेच लागते ती म्हणजे गारंबी. हा मोठा वेल. मांडीएवढे जाड त्याचे खोड पिळे घालीत या झाडावरून त्या झाडावर जाते. शेंगा हात-दीड हात लांब, आणि आतल्या बिया तपकिरी, चपट्या, गुळगुळीत, मुठीत धराव्या अशा. एकीने एक बी उचलून पिशवीत टाकली. वाटाड्या म्हणाला, "ताई, इथली बी इथंच ठेवा." तिने ती निमूटपणे खाली ठेवली.

पुढे वर पाहिले तर उंच झाडाच्या फांदीवर शेकरू. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी. आपली अंगणातली खार ती कुठे आणि हे कुठे! नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत जवळजवळ दोन हात. अंगावर तांबूस तपकिरी रंग, पोट फिके, शेपूट झुपकेदार. ते जमिनीवर क्वचितच उतरते. या झाडावरून त्या झाडावर उड्या मारीत जाते, आणि काटक्या-पानांची एक सोडून अनेक घरटी बांधते. झाडे एकमेकांना लागून असतील तरच त्याचा संसार चालतो. मध्ये तोड झाली, की शेकरूची वाट तुटते.

आणि तोड तिथे झाली होती, पण माणसाने केलेली नव्हे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, ते आपण पनवेलकरांनीही अनुभवले आहे. फणसाडच्या रानाने तर ते अंगावर घेतले. मुळासकट उपटलेले मोठमोठे वृक्ष वाटेच्या बाजूला अजून पडलेले होते. काही खोडांवर अळंबी उगवली होती, काहींत वाळवी. काकूंनी काठीने एक खोड ठोकून पाहिले आणि विचारले, "हे असंच कुजत ठेवायचं? गावात बायका जळणाला तरसत असतील."

वाटाड्या म्हणाला, "आजी, अभयारण्यातलं पडलेलं लाकूडही उचलता येत नाही. त्यात किडे होतात, किड्यांवर पाखरं जगतात. मातीलाही तेच पाहिजे."

काकू थांबल्या. म्हणाल्या, "नबाबाच्या वेळी कुऱ्हाड घेऊन शिरलं तर मार खावा लागे, असं माझे वडील सांगायचे. म्हणजे तेव्हाही मोळीला बंदी, आताही बंदी. आणि आम्हांला मात्र सहलीला परवानगी!"

कोणी काही बोलले नाही. मला तरी त्यावर उत्तर सुचले नाही. वाटाड्याचे म्हणणे खरे होते आणि काकूंचेही.

आता पाणवठ्याची गोष्ट. त्या रानात बारमाही पाण्याच्या ज्या जागा आहेत त्यांना तिकडे "गाण" म्हणतात. फणसाड गाण, चिखलगाण अशी त्यांची नावे आहेत. पाऊस संपून ओढे आटले की सगळे रान या गाणांवर जगते. सांबर, भेकर, रानडुक्कर, बिबट्या, सगळे इथेच येणार. वैशाखी पौर्णिमेच्या रात्री वनखात्याचे लोक पाणवठ्याशी मचाणावर बसून जनावरांची नोंद करतात, ते याचसाठी. आम्हांला अंधार पडायच्या आत परत फिरायचे होते, म्हणून साडेचारच्या सुमारास एका गाणापासून अंतर ठेवून, झाडीच्या आडोशाला, जाजमे टाकून बसलो. वाटाड्याने ओठावर बोट ठेवले.

पहिली पंधरा मिनिटे फार कठीण गेली. कोणाच्या बांगड्या वाजत होत्या, कोणाला खोकला आला, कोणी पिशवीतून चकलीचा डबा काढला. त्या करकरीत आवाजाने एक माकड खाली उतरले, आणि एकीने कौतुकाने त्याला चकली टाकली. वाटाड्याचा चेहरा मी पाहिला. मागून तो म्हणाला, की एकदा मिठाची, तळणाची चव लागली की माकड रानातले पाले-फळे सोडून माणसामागे लागते, आणि मग गावातल्या लोकांच्या घरात शिरते. चकली आमची, त्रास मात्र सुपेगावला.

हळूहळू सगळ्या गप्प झाल्या. मग लक्षात आले की रान गप्प नव्हतेच. तांबट ठोकत होता, दूर कुठे रानकोंबडा ओरडला, पाण्यावर एक कोतवाल सूर मारून गेला. काकू अगदी पुढे बसल्या होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून. तासाभराने त्यांनी मान न हलवता डोळ्यांनी समोर दाखवले. पलीकडच्या झुडपातून एक भेकर बाहेर येत होते. लहानसे हरीण, बकरीएवढे, तांबूस अंगाचे. एक पाऊल टाकी, थांबे, कान फिरवी, पुन्हा एक पाऊल. पाण्यापासून ते चार हातांवर असेल.

आणि माझा मोबाईल वाजला.

दिवसभर तिथे रेंज लागली नव्हती, म्हणून मी निर्धास्त होते, बंद करायचे सुचलेच नाही. त्यावर गणपतीची आरती लावलेली, तीही टाळांसकट. भेकर कुत्र्यासारखे एकदा भुंकले आणि दिसेनासे झाले. पाणी न पिताच गेले. फोन घरून होता. मी गडबडीत बंद करायला गेले तो कानाशी लागला, आणि पलीकडून आवाज आला, "अगं, साखरेचा डबा कुठे ठेवलास?"

भगिनींनो, तुम्ही हसता आहात, हसा. तेव्हाही दोघी-तिघी हसल्या. मला मात्र रडू यायचे बाकी राहिले. काकू काही बोलल्या नाहीत, मागे वळूनही पाहिले नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो, पण त्या गाणावर पुन्हा कोणी आले नाही.

रात्री अंगणात बसलो. तिथे दिव्यांचा उजेड बेताचाच, म्हणून आकाश भरलेले दिसत होते. पनवेलला आता इतके तारे दिसत नाहीत. आपल्या एका बाजूला हमरस्ता, दुसऱ्या बाजूला उलव्याची टेकडी कापून उभारलेला विमानतळ. रातवा पक्षी ठोका धरल्यासारखा ओरडत होता. आम्ही गाणी म्हटली नाहीत. तसे कोणी ठरवले नव्हते. मी काकूंशेजारी जाऊन म्हटले, "काकू, चुकले." त्या म्हणाल्या, "चूक तुझी नाही गं. घर मागं लागतं आपल्या. मीसुद्धा मघापासून विचार करतेय, गोळ्या घ्यायला सांगितल्या होत्या मुलाला, घेतल्या असतील का!" मग जरा वेळाने म्हणाल्या, "आमची आई पाण्याला आली की आम्हांला असंच गप्प बसवायची. म्हणायची, आधी त्यांना पिऊ दे, मग आपण हंडा भरू."

सकाळी वाटाड्याने स्पष्टच सांगितले, की सोळा जणींना घेऊन गेलो तर काही दिसणार नाही. आठ चला. चिठ्ठ्या टाकायची वेळ आली नाही. मी आपण होऊन मागे राहिले, आणि आणखी सात जणी राहिल्या. आठ जणी गेल्या, मोबाईल तंबूत ठेवून, बांगड्या रुमालाने बांधून, गजरा-अत्तर काही नाही. काकू सर्वांत पुढे.

मागे राहून काय करावे? मी चुलीपाशी गेले. भाकऱ्या थापणाऱ्या दोघी होत्या, एक माझ्या वयाची, एक सून शोभेल अशी. मी बसून कांदा चिरू लागले तशा बोलू लागल्या. काकूंचा प्रश्न मी त्यांना विचारला, की मोळीला बंदी झाली त्याचे तुम्हांला काय वाटते? मोठी म्हणाली, "मोळी काय कोणी हौसेनं आणीत होतं, बाई? पहाटे उठायचं, डोईवर ओझं घेऊन उतरायचं. ती सुटली ते बरंच झालं. पण सुटली म्हणजे जळण फुकटात येत नाही. आता गॅसची टाकी आहे, ती भरायला पैसा लागतो. तुम्ही आलात की भाकरीचा पैसा मिळतो. पण तुम्ही येता शनवार-आइतवार, चूल तर रोज पेटते."

मी विचारले, "मोठी सहल आली तर जास्त पैसे मिळत असतील?" धाकटी हसली. म्हणाली, "मोठी बस येते ती जेवण बरोबर घेऊन येते, आणि पत्रावळी इथं टाकून जाते."

हे वाक्य मी तुमच्यासाठी मुद्दाम लक्षात ठेवले आहे.

साडेनऊला आठ जणी परतल्या. चेहऱ्यांवरून काही कळेना. तंबूपाशी येऊन काकूंनी काठी टेकवली, तांब्याभर पाणी घेतले, ओट्यावर बसल्या. मी विचारायला कचरत होते. त्याच म्हणाल्या, "आलं होतं. पाणी पिऊन गेलं."

बस, एवढेच. मी ते भेकर पाणी पिताना पाहिलेले नाही. ज्यांनी पाहिले त्या इथे बसल्या आहेत, त्यांना विचारा. तुम्हांला त्या सांगतील, पण नीट सांगता येणार नाही. त्या आठ जणी काशीदच्या किनाऱ्यावर दुपारभर एकमेकींशी फारशा बोलल्या नाहीत, आणि तरी एकमेकींजवळच बसल्या होत्या, एवढे मी पाहिले.

आता मूळ मुद्द्यावर येते. अठ्ठेचाळीस नावे आहेत. माझी सूचना अशी, की आठ-आठ जणींच्या सहा तुकड्या कराव्या आणि त्या मार्गशीर्षापासून वैशाखापर्यंत, महिन्याला एक, अशा पाठवाव्या. पावसाळ्यात जाऊ नये. तेव्हा गाणावर कोणी येत नाही, कारण पाणी सगळीकडेच असते. आपल्याला मात्र जळवा भेटतात! महिन्यातून एकदा आठ ताटे, असे सहा महिने, हे त्या चुलीला एका दिवसाच्या गर्दीपेक्षा अधिक उपयोगाचे आहे. जेवण बरोबर न्यायचे नाही, तिथे शिजलेलेच खायचे आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यायचे.

खर्च वाढेल, ही हरकत खरी आहे. मोठ्या बसला माणशी जितके पडते त्यापेक्षा लहान गाडीला अधिक पडते, मी हिशेब करून पाहिला आहे. त्यावर उपाय दोन. वाढीव रक्कम एकदम न भरता भिशीप्रमाणे महिन्याला थोडी थोडी भरावी. आणि ज्या भगिनीला तेही जड जात असेल तिचा वाटा मंडळाच्या दिवाळी फराळाच्या विक्रीतून उचलावा. आपण चकल्या उत्तम करतो, त्या माकडांऐवजी पनवेलकरांना विकाव्या!

दुसरी हरकत, की सगळ्या एकदम गेलो तर मजा येते, अंताक्षरी होते, नाच होतो. ती मजा मला नको आहे असे नाही. त्यासाठी आपली कोजागिरी आहे, हळदीकुंकू आहे, मंगळागौर आहे. अंताक्षरीला रान लागत नाही. रानात जे मिळते ते मात्र दुसरीकडे मिळत नाही, आणि गोंगाटात तर तिथेही मिळत नाही.

बाकी बारीकसारीक सूचना चिटणीसबाईंकडे लिहून दिल्या आहेत. विजेरी प्रत्येकीची वेगळी. तिकडे नाग, घोणस, फुरसे सगळे आहेत, तेव्हा अंधारात उजेडाशिवाय पाऊल टाकू नये आणि सकाळी बूट झाडून घालावे. गवतातून आल्यावर अंगावर गोचीड नाही ना, ते पाहावे. पाण्याची बाटली घरची, प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत. खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तो तंबूतच ठेवायचा. काही बी, दगड, पीस घरी आणायचे नाही. आणि मोबाईल बंद करून तंबूत, हे मी सर्वांत मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, आणि कोणी लिहिले ते कोणी विचारू नये.

निघण्याआधी घरात साखरेचा, चहाचा, डाळीचा डबा कुठे आहे ते सगळ्यांना एकदा दाखवून ठेवा. हे मी थट्टेने सांगत नाही. एक रात्र आपल्यावाचून घर चालते, हे घराला कळणे जरूर आहे आणि आपल्याला त्याहून जरूर आहे. मी परत आले तेव्हा साखरेचा डबा सापडलेला होता. तो नेहमीच्याच जागी होता.

राहता राहिला माझ्या नावाचा प्रश्न. अठ्ठेचाळीस नावांत माझेही आहे. मला सहाव्या तुकडीत घालावे, वैशाखातल्या. तेव्हा पाणी फक्त गाणावरच उरलेले असते. काकूंनी त्याच तुकडीत पुन्हा नाव दिले आहे. म्हणाल्या, "तुझ्याबरोबर मी येते, पण तुझा फोन माझ्या पिशवीत." मी कबूल केले आहे.

आपण सर्वांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतलेत. पाऊण तास कोणाचाही मोबाईल वाजला नाही, म्हणजे आपली तयारी झालेली आहे असे मी समजते. माझी सूचना सभेपुढे ठेवून आपली रजा घेते.